मी मलाच फोन लावला

मुलांनो, थोडा वेळ असं समजा की तुम्ही माझ्याबरोबर आहात. नकाशात दिल्लीवर बोट ठेवा आणि ते सरळ वर न्या. हिमालय ओलांडा. थांबू नका, पुढे आणखी डोंगर आहेत, तेही ओलांडा. बोट दमलं की जिथं टेकेल तिथं बिश्केक नावाचं शहर आहे. त्या शहराच्या विमानतळावर आपण उभे आहोत. सकाळचे साडेआठ वाजलेत. बाहेर बर्फाचे डोंगर दिसताहेत, आत पाट्या दिसताहेत. पाट्यांवरची काही अक्षरं इंग्रजीसारखी आहेत, पण कोणीतरी आरशात बघून काढल्यासारखी. आपल्या हातात एक बॅग, खांद्याला शेंगदाण्याच्या लाडवांची पिशवी, आणि खिशात एक कोराकरकरीत मोबाइल आहे. ओळखीचं माणूस एकही नाही.

आता घाबरू नका. मी आहे ना. घाबरायचं काम तेव्हा मी एकट्यानं केलं होतं.

मी म्हणजे रामचंद्र चौगुले. गडहिंग्लजला छत्तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. निवृत्त झालो तरी शिकवायची खोड जाईना, म्हणून गल्लीतल्या पोरांना घराच्या सोप्यात बसवून शिकवायचो. ही गोष्ट आठ वर्षांपूर्वीची.

माझी नात ऋतुजा त्या शहरात डॉक्टरकी शिकत होती. तिच्या कॉलेजात एक छान पद्धत होती. मुलं पहिल्यांदा रुग्णांपुढं जाणार त्याआधी एक समारंभ व्हायचा आणि प्रत्येकाच्या अंगावर पांढरा कोट चढवला जायचा. तो चढवायचा घरच्या माणसानं. ज्याचं कोणी आलं नसेल त्याला तिथलाच एखादा कारकून कोट घालायचा. ऋतुजाच्या बापाला, म्हणजे माझ्या प्रमोदला, सुट्टी मिळाली नाही. सूनबाईचं पाऊल प्लास्टरमध्ये होतं. मग ऋतुजा मला म्हणाली, "आजोबा, तुम्ही याल? मला कारकुनाच्या हातनं नकोय."

मी म्हटलं, "येणार म्हणजे येणार."

समारंभ अकरा वाजता होता. ऋतुजाला पहाटेपासून तयारीला जायचं होतं, म्हणून तिनं मला पढवून ठेवलं होतं, "विमानतळाच्या बाहेर पडायचं नाही. आत सिमकार्डचं दुकान आहे. ते घ्या, नेट सुरू करा आणि मला व्हॉट्सॲपवर मेसेज टाका. मी इथनं टॅक्सी पाठवते. ती तुम्हाला थेट हॉलवर आणेल."

"हॉलचा पत्ता दे की."

"आजोबा, त्या रस्त्याचं नाव मला दुसऱ्या वर्षाला नीट म्हणता आलं. तुम्ही फक्त मेसेज टाका."

तर आता सिमकार्डच्या दुकानापुढं चला.

दुकान म्हणजे एक टपरीच, काचेची. आत मेरिम नावाची मुलगी बसलेली. नाव तिच्या छातीवरच्या पट्टीवर इंग्रजीत होतं. तिचं इंग्रजी माझ्या इंग्रजीएवढंच होतं, म्हणजे कामापुरतं, त्यामुळे आमचं फार चांगलं जमलं. तिनं माझा पासपोर्ट घेतला, त्याचा फोटो काढला, मग माझा फोटो काढला, मग पासपोर्टातल्या फोटोकडे आणि माझ्याकडे आळीपाळीनं बघितलं आणि विचारलं, "हे तुम्ही?"

"मीच."

"बरं," असं ती म्हणाली, पण तिची खात्री पटलेली दिसली नाही. पासपोर्टातला फोटो मिशीतला होता.

पाच मिनिटांत सिमकार्ड फोनमध्ये बसलं. पडद्यावर वर चार रेघा उगवल्या. नेट सुरू! मला वाटलं, आपण जिंकलो. मी मेरिमला एक लाडू दिला. आणि व्हॉट्सॲप उघडलं.

व्हॉट्सॲप म्हणालं, तुमचा नंबर सांगा.

मी सांगितला. माझा गडहिंग्लजचा नंबर. त्याच नंबरावर ऋतुजा मला ओळखत होती, आणि दुसरा कुठला मला माहीतही नव्हता.

व्हॉट्सॲप म्हणालं, छान. त्या नंबरावर आम्ही सहा आकडे पाठवलेत. ते इथं लिहा.

आता तुम्ही विचाराल, त्यात काय अवघड आहे? तर ऐका. तो नंबर ज्या सिमकार्डाचा, ते सिमकार्ड माझ्याजवळ नव्हतं. ते गडहिंग्लजला, माझ्या जुन्या बटणांच्या फोनमध्ये होतं. प्रमोदनं निघायच्या आदल्या दिवशी मला नवा फोन दिला तेव्हा मी फार हुशारीनं विचार केला होता. व्हॉट्सॲप चालतं नेटवर. नेट तिथं मिळणार. मग आपलं सिमकार्ड तिकडं कशाला न्यायचं? गॅसचा मेसेज, बँकेचा मेसेज, माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याचे फोन, सगळं त्याच नंबरावर येतं. ते इथंच बरं. असं म्हणून मी ते जुन्या फोनमध्येच ठेवलं आणि फोन शेजारी सांभाळायला दिला. नवा फोन मी एकदाही चालू करून बघितला नव्हता. नव्या वस्तूला मुक्कामी पोचल्यावर हात लावायचा अशी आमच्या घरची रीत आहे. नव्या चपलांच्या बाबतीत ती बरी आहे.

"मेरिम," मी म्हटलं, "आकडे माझ्या घरी गेले."

"मग घरी फोन करा," ती म्हणाली.

किती साधं! मी फोन हातात घेतला आणि माझ्या लक्षात आलं, मला नंबरच पाठ नाहीत. प्रमोदचा नाही. ऋतुजाचा नाही. मला महाराष्ट्रातल्या नद्या उगमापासून संगमापर्यंत पाठ आहेत. तिसाच्या आतला कुठलाही पाढा झोपेतून उठवून विचारा. पण पोटच्या पोराचा नंबर? तो फोनमध्ये 'प्रमोद' म्हणून होता. 'प्रमोद' दाबलं की प्रमोद बोलायचा.

मी कागद धुंडाळले. तिकिटावर एक नंबर होता. माझाच. व्हिसाच्या कागदावर होता. माझाच. बॅगेला मी स्वतःच्या सुवाच्य अक्षरात पट्टी चिकटवली होती, 'बॅग हरवल्यास या नंबरावर कळवावे.' तोही माझाच.

म्हणजे या जगात मला फोन करता येईल असा एकच माणूस होता. मी.

मी नंबर दाबला.

"कोणाला?" मेरिमनं विचारलं.

"मला."

ती लाडू तोडून खात राहिली.

रिंग वाजली, वाजली आणि थांबली. कोणी उचलला नाही. परत लावला. परत तेच.

"तुम्ही उचलत नाही?" मेरिमनं विचारलं.

"नाही. अनोळखी नंबर मी उचलत नाही."

हे मी विनोदानं म्हटलं. पण म्हणता म्हणता तो फोन मी कुणाकडे दिला होता ते मला आठवलं.

माझ्या घराशेजारी शोभाताई कांबळे राहते. तिची पिठाची गिरणी आहे, घरापासून चार घरं सोडून. नवरा गोव्याला एका बोटीवर कामाला. त्यांची मुलगी शर्वरी, तेव्हा नऊ वर्षांची, चौथीत; फोन तिच्याच ताब्यात दिला होता. शर्वरी माझ्या सोप्यातल्या वर्गाची सगळ्यात पक्की विद्यार्थिनी. 'पक्की' हा शब्द मी विचार करून वापरतोय. तिला एकदा सांगितलेलं निघत नसे. एकदा मी म्हटलं होतं, वाक्य संपलं की पूर्णविराम द्यावा. तर ती बोलतानाही वाक्याच्या शेवटी मान खाली टेकवायची.

आणि त्याच वर्षी गल्लीतल्या दोघातिघांना फोनवरून फसवलं होतं. कोणी गोड बोलून आकडे मागितले, यांनी दिले, आणि हात चोळत बसले. म्हणून मी पोरांचा एक वर्ग फक्त फोनवर घेतला होता. तीन रविवार. पाटीवर लिहून, घोकून घेऊन. अनोळखी नंबर उचलायचा नाही. चुकून उचललाच तर आधी आपण बोलायचं नाही. घरात एकटे असलो तर तसं सांगायचं नाही. आणि फोनवर आलेले आकडे कोणालाही द्यायचे नाहीत.

त्या वर्गात शर्वरीला दहापैकी दहा गुण मिळाले होते. मीच दिले होते.

तिसऱ्यांदा फोन लावला. या वेळी कोणीतरी उचलला. पण पलीकडून आवाज नाही. लांबवर कुकरची शिट्टी झाली. आणि फोनजवळ कोणीतरी नाकानं श्वास घेत होतं.

"हॅलो," मी म्हटलं.

श्वास.

"शर्वरी? बाळ, मी गुरुजी बोलतोय."

श्वास थांबला. मग अगदी सावध आवाज आला, "कुठले गुरुजी?"

"अगं कुठले म्हणजे? चौगुले गुरुजी! तुझे गुरुजी."

"गुरुजी परदेशात गेल्यात."

"तिथूनच बोलतोय ना!"

"गुरुजींचा नंबर तर माझ्याजवळ हाय. ह्योच फोन गुरुजींचा. मग तुम्ही दुसऱ्या नंबरावरनं कसं बोलताय?"

बघा, प्रश्न बरोबर होता. वर्गात विचारला असता तर मी शाबासकी दिली असती. मी समजावून सांगितलं, इथं नवीन सिमकार्ड घ्यावं लागतं, त्याचा नंबर वेगळा असतो.

"बरं," ती म्हणाली. "मग काय काम हाय?"

"बाळ, त्या फोनवर आत्ता एक मेसेज आला असेल. त्यात सहा आकडे आहेत. तेवढे वाचून दाखव."

तिकडे शांतता पसरली. पण ही शांतता वेगळी होती. समोरच्या माणसानं शेवटी आपला खरा चेहरा दाखवला, अशी.

"आलं लक्षात," शर्वरी म्हणाली.

"काय आलं?"

"तुम्ही चोर हाय."

"शर्वरी!"

"चोर असंच म्हणत्यात. आधी नाव सांगत्यात, मग बाळ म्हणत्यात, मग आकडे मागत्यात. आमच्या गुरुजींनी शिकवलंय."

"अगं, मीच शिकवलंय ते!"

"हां. आणि चोर असंही म्हणत्यात."

मेरिम काउंटरवर कोपर टेकून ऐकत होती. एक अक्षर कळत नव्हतं, पण माझ्या तोंडाकडे बघून तिला बरंच कळत असावं. तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं. नऊ वाजून पंधरा मिनिटं.

मी आवाज मऊ केला. "हे बघ, तुझी आई कुठाय? तिला दे फोन."

शोभाताई त्या वेळी गिरणीत असते हे मला पक्कं माहीत होतं. शर्वरी घरात एकटीच भाकरी खाऊन शाळेची तयारी करत असणार.

"आई हितंच हाय," शर्वरी ताडकन म्हणाली. "आंघोळ करत्या. बाबा पण हाईत. मामा पण हाईत. काका पण हाईत. सगळे हाईत."

"तुझे बाबा गोव्याला आहेत, बाळ."

"आत्ता आलेत."

"आणि तुला काका नाही."

क्षणभर ती अडखळली. "शेजारचे काका," ती म्हणाली. "पैलवान हाईत."

मुलांनो, मला हसू यायला पाहिजे होतं. पण तिकडे ऋतुजा कुठल्यातरी हॉलमध्ये रांगेत उभी राहून दाराकडे बघत असेल, हे डोळ्यांपुढून जाईना. मी म्हटलं, "बरं, आकडे नको देऊस. फोनमध्ये ऋतुजाताईचा नंबर आहे. तो तरी सांग."

"मुलींचे नंबर अनोळखी माणसाला द्यायचे नाहीत."

"हे मी कधी शिकवलं?"

"हे आईनं शिकवलंय."

मी दुसरा मार्ग धरला. "तू माझी परीक्षा घे. मी गुरुजीच आहे हे सिद्ध करून दाखवतो. विचार काहीही."

हे तिला पटलं. परीक्षेचं नाव काढलं की शर्वरीला कुठलीही गोष्ट पटायची. तिनं खाकरून घशात आवाज केला, अगदी मी करतो तसा.

"आमच्या वर्गात फळ्याच्या वर काय लिहिलंय?"

"'आधी ऐका, मग बोला.'"

"ते खिडकीतनं पण दिसतंय," ती म्हणाली. "ह्याला गुण नाहीत."

"मागच्या उन्हाळ्यात तू चिंचेवरून पडलीस आणि गुडघ्याला खोक पडली. हळद कोणी लावली?"

"प्रश्न मी विचारायचे का तुम्ही?"

"तू."

"मग गप बसा. आणि ते समद्या गल्लीला ठाऊक हाय."

"बरं, विचार."

ती विचार करत होती. मला तिचा पाय जमिनीवर टकटक वाजवल्याचा आवाज येत होता. आणि मग तिनं असा प्रश्न काढला की मी सुटकेचा श्वास टाकला. देव भेटला म्हणा ना.

"एकोणतीस साते किती?"

मुलांनो, एकोणतिसाचा पाढा म्हणजे माझा अभिमान. गडहिंग्लज तालुक्यात तो पाढा कोण म्हणतं विचारलं तर लोक माझ्या घराकडे बोट दाखवायचे. मी तोंड उघडलं. त्याच क्षणी डोक्यावरच्या कर्ण्यातून एका बाईनं खणखणीत आवाजात काहीतरी जाहीर करायला सुरुवात केली, शेजारून कोणाची तरी सामानाची गाडी माझ्या पायाच्या अंगठ्यावरून गेली, आणि मेरिमनं घड्याळावर बोट आपटलं.

"दोनशे तेरा!" मी ओरडलो.

तिकडे काही नाही. कुकरसुद्धा गप्प.

मग शर्वरी बोलली, आणि तिच्या आवाजात राग नव्हता, कीव होती. "आमचे गुरुजी पाढा चुकत नाहीत," ती म्हणाली. मान खाली टेकवली असणार. आणि फोन ठेवला.

दोनशे तीन. दोनशे तीन! मी तो आकडा मोठ्यांदा म्हटला. मेरिमला म्हटला, काचेला म्हटला, सामानाच्या गाडीवाल्याला म्हटला. काय उपयोग?

मी परत फोन लावला. लाइन व्यस्त. कोणाशी बोलतेय ही पोरगी? पोलिसांशी? परत लावला. व्यस्त. सहाव्या-सातव्यांदा लावला तेव्हा एक गोड आवाज मराठीत म्हणाला, आपण संपर्क करू इच्छित असलेली व्यक्ती सध्या उपलब्ध नाही. ती व्यक्ती मीच होतो. मी उपलब्ध होतो, पण मला मी मिळत नव्हतो.

व्हॉट्सॲपला पुन्हा पुन्हा आकडे मागितले तर ते म्हणालं, फार वेळा मागून झाले, आता एक तास थांबा.

मी बाकावर बसलो. मेरिमनं तिच्या थर्मासमधला काळा चहा एका वाटीत ओतून आणून दिला. तिथं चहा वाटीत पितात. ती शेजारी बसली.

"कोण होतं?" तिनं विचारलं.

"माझी विद्यार्थिनी."

"वाईट विद्यार्थिनी?"

खरं सांगू? मला राग आला होता. इतका की परत गेल्यावर पहिलं काम म्हणजे तिला सोप्यात उभं करून विचारायचं, असं ठरवत होतो. काय विचारायचं, ते मात्र सुचेना. कोणत्या चुकीबद्दल रागवायचं? मी एकेक वाक्य आठवून बघितलं, वही तपासावी तसं. लाल शाई कुठं लागेना. चुकलं होतं एकच उत्तर, आणि ते माझं होतं.

"नाही," मी म्हटलं. "फार चांगली."

"मग तुम्ही वाईट शिक्षक?"

यावर मी चहा प्यायलो.

दहाला दहा कमी. मी मनाशी हिशेब केला, बाहेर पडावं, दिसेल त्या टॅक्सीत बसावं आणि 'डॉक्टर, कॉलेज, पांढरा कोट' असं हातवारे करून सांगावं. मेरिम म्हणाली, असं केलंत तर ते तुम्हाला दवाखान्यात नेऊन दाखल करतील. तिचं म्हणणं मला बरोबर वाटलं. तरीही मी उठलो. बसून राहण्यापेक्षा दाखल झालेलं बरं, किमान पांढरे कोट तरी दिसतील.

पिशवी खांद्याला लावली आणि खिशात फोन वाजला.

माझा नवा फोन. नवा नंबर. चाळीस-पंचेचाळीस मिनिटांपूर्वी जन्मलेला. तो जगात कोणालाच माहीत नव्हता. मेरिम माझ्याकडे बघत होती, मी फोनकडे. अनोळखी नंबर. आणि मुलांनो, छत्तीस वर्षं शिकवलेल्या माणसानं काय केलं असेल? मी उचलला आणि आधी बोललो नाही.

पलीकडूनही कोणी बोलेना. नुसता गोंगाट, वाजंत्री, खुर्च्या ओढल्याचे आवाज.

"कोण बोलतंय?" शेवटी एक मुलगी म्हणाली. "नाव सांगा. बाळ म्हणू नका."

"ऋतुजा!"

"आधी नाव!"

"अगं तुझा आजोबा! एकोणतीस साते दोनशे तीन!"

तिकडे हसण्याचा असा फवारा उडाला की फोन कानापासून लांब धरावा लागला. "आजोबा! हलू नका तिथनं. पप्पांनी नंबर दिला. म्हणाले, या नंबरावर एक चोर आहे, त्याचा आवाज थेट आजोबांसारखा आहे, जाऊन घेऊन ये. टॅक्सी निघाली. पांढरी गाडी, दोन नंबरच्या दारासमोर. पळा!"

मी पळालो. मेरिम माझी बॅग घेऊन माझ्यापुढं पळाली. दारात मी तिला लाडवांची अर्धी पिशवी दिली आणि नमस्कार केला. तिनं छातीवर हात ठेवून मान लववली.

अकराला पाच कमी असताना मी त्या हॉलमध्ये पोचलो. रांगेत ऋतुजा शेवटून तिसरी होती. तिच्या मागं एक कारकून खांद्यावर कोट टाकून तयारच उभा होता, दमलेला चेहरा करून. मी त्याच्या खांद्यावरून कोट ओढून घेतला. तो दचकला. त्याला वाटलं असेल, चोर आला.

नाव पुकारलं. मी कोट उघडला आणि ऋतुजाचा हात बाहीत घालायला गेलो. बाही सापडेना. पहिल्यांदा हात खिशात गेला, मग कोट उलटा झाला. हॉलमधले लोक टाळ्या वाजवायच्या तयारीत हात वर करून थांबलेले. ऋतुजा हळूच म्हणाली, "आजोबा, सावकाश. घाई नाही आता." मग बाही सापडली. दुसरीही सापडली. मी कॉलर सरळ केली. लहानपणी जिला चड्डी घालायला मी मागं पळत फिरायचो, ती आता डॉक्टरच्या कोटात होती. माझा चष्मा भिजला, त्यामुळे फोटोत मी डोळे मिटलेला आलोय.

दुपारी ऋतुजाच्या फोनवर प्रमोदचा फोन आला. "अण्णा," तो म्हणाला, "तुम्ही ही पोरं काय शिकवून ठेवलीत?"

"काय झालं?"

"सकाळी तुमच्या नंबरवरून फोन आला. मला वाटलं तुम्हीच. तर ही शर्वरी. म्हणाली, काका, कागद-पेन्सिल घ्या. मी म्हटलं, काय झालं? म्हणाली, आधी घ्या. मग तिनं तुमचा तो नवा नंबर एकेक आकडा सांगितला. दोनदा. आणि मला परत म्हणायला लावला. एक आकडा मी चुकवला तर पुन्हा पहिल्यापासून! मग म्हणाली, ह्या नंबरावर एक माणूस हाय, तो गुरुजींच्या आवाजात बोलतोय, बाळ म्हणतोय. पाढा चुकला, म्हणून मी त्याला ते सहा आकडे दिले नाहीत. पण तो रडकुंडीला आलाय. चोर असंल तर तुम्ही पोलिसांना सांगा. आणि गुरुजीच असतील तर त्यांना लवकर घेऊन जा."

आकडे देऊ नयेत, एवढंच मी तीन रविवार शिकवलं होतं. न देता पुढं काय करायचं, हे मी पाटीवर कधी लिहिलंच नव्हतं. तेवढा भाग तिनं स्वतः काढला होता, घरात एकटी असताना, शाळेची घंटा व्हायला आली असताना.

"मग?" मी विचारलं.

"मग काय, मला हसू आवरेना," प्रमोद म्हणाला. "मी म्हटलं, अगं शर्वरी, ते गुरुजीच आहेत! मी ओळखतो ना. आलेत ना ते सहा आकडे? दे मला, मी पाठवतो त्यांना."

"दिले?"

"छे! म्हणाली, तुम्ही तरी प्रमोदकाकाच कशावरनं?"

आणि तिनं त्याचाही फोन ठेवला. पुढचं मला परत गेल्यावर शोभाताईनं सांगितलं. शर्वरीनं आलेले सगळे आकडे पुसून टाकले, फोन बंद केला, रुमालात घट्ट बांधला, ज्वारीच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून तळाशी पुरला, वर झाकण लावलं, झाकणावर वरवंटा ठेवला, आणि दप्तर घेऊन शाळेला गेली.